जायफळाचा करार

श्रीखंडांत जायफळ उगाळून घालतांना तें मूळ कोठलें, हा विचार आमच्या घरांत सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारांतील सारें जायफळ एकाच ठिकाणाहून येत असे. तें ठिकाण म्हणजे आजच्या इंडोनेशियांतील चिमुकलीं बांदा बेटें. तेथें जावाचा तांदूळ व गुजराथचें कापड जाई आणि बदल्यांत जायफळ व जायपत्री बाहेर पडे. ज्याचा भाव पटेल त्यास माल, हा तेथला रिवाज होता.

पोर्तुगीजांनीं १५११ सालीं मलाक्का घेतलें व पुढल्याच वर्षीं त्यांचीं जहाजें बांद्यास पोंचलीं. यास इतिहासांत 'शोध' म्हणतात. पण जीं बेटें आशियांतील व्यापाऱ्यांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतीं, त्यांचा शोध कसला? नवें होतें तें निराळेंच. १६०२ सालीं स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीस तिच्या सरकारनें व्यापाराच्या मक्त्याबरोबर किल्ले बांधण्याचा, फौज ठेवण्याचा व तह करण्याचा अधिकार दिला होता. खरेदीदार, न्यायाधीश आणि शिपाई हे तिघे एकाच अंगरख्यांत शिरले!

बांद्यांत राजा नव्हता. गांवोगांवचे पुढारी कारभार पाहत आणि त्यांच्यांत जुने तट होते. कंपनीनें त्यांपैकीं कांहींच्या सह्या घेतल्या कीं, जायफळ कंपनीखेरीज कोणास विकूं नये. ज्यांनीं सही केली नव्हती त्यांनाहि तो कागद बंधनकारक ठरविण्यांत आला! बेटांवर धान्य पुरेसें पिकत नसे. तें आणणाऱ्यांस माल देणें लोकांस भाग होतें. त्यांनीं तो जावाच्या व्यापाऱ्यांस दिला, इंग्रजांस दिला. १६०९ सालीं त्यांनीं डच नौसेनापति व्हेरहूफ व त्याच्या सोबत्यांस दग्यानें मारलें, हेंहि लपविण्याचें कारण नाहीं. परंतु १६२१ सालीं गव्हर्नर-जनरल कून यानें जें केलें तें शासन नव्हे, उच्छेद होय. सुमारें पंधरा हजार वस्तीपैकीं बेटांवर हजारभर माणसें उरलीं असावीं, असा अंदाज आहे. बाकीचीं मारलीं गेलीं, उपासमारीनें मेलीं, गुलाम झालीं किंवा परागंदा झालीं. जमिनीचे वांटे डच बागाईतदारांस मिळाले व राबण्यास बाहेरून गुलाम आणण्यांत आले. पुढें १६६७ च्या ब्रेडाच्या तहांत यांतलें रुन बेट डचांकडे राहिलें आणि आज न्यूयॉर्क म्हणून प्रसिद्ध असलेलें नगर इंग्रजांकडे. दोहींकडच्या मूळ रहिवाशांस कोणीं विचारलें?

स्वतःच्या दाव्यांत स्वतः न्यायाधीश होऊं नये, हें न्यायाचें पहिलें तत्त्व. तें जेथें नाहीं, तेथें करार हें केवळ हुकुमाचें दुसरें नांव. कंपनी १७९९ सालीं बुडाली. फ्रेंचांनीं व मागाहून इंग्रजांनीं रोपें बाहेर नेलीं आणि मक्ता मोडला. आज जायफळ कोंकणांतल्या नारळीच्या बागांतहि पिकतें.

मक्ता गेला, तरी कागद पुढें करणारे गेले नाहींत. मोठा खरेदीदार 'माल आम्हांसच द्या' म्हणून येतो, तेव्हां आमचा दुकानदार भावाचा आंकडा पाहतो व सही करतो. व्यापारीबंधूंनो, तंटा कोणीं तोडावयाचा हें कलम आधीं वाचा. आणि सही एकेकट्यानें न करतां साऱ्या पेठेनें मिळून करा. बांद्याचे पुढारी कमी शूर नव्हते. ते वेगवेगळे होते.