साडेचार तासांचा अधिक ज्येष्ठ

आजपासून अधिक ज्येष्ठ सुरू झाला. महिनाभर लग्नाचे मुहूर्त नाहीत, आषाढी एकादशी थेट २५ जुलैला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, हे सगळे वाचकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात केव्हाच पाहून ठेवले असेल. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे, साठलेली तूट महिन्याने भरून काढायची, हेही शाळेपासून ठाऊक आहे. पण हा जादा महिना यंदा ज्येष्ठातच का आला? वैशाख किंवा श्रावण का नाही? अधिक महिन्याचे खरे सौंदर्य याच प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि व्रतवैकल्यांच्या पुस्तिकांत नेमके तेच सापडत नाही.

नियम एका ओळीचा आहे: ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक. संक्रांत म्हटले की आपल्याला तिळगूळच आठवतो, पण सूर्य दर महिन्याला रास बदलतो, त्यामुळे वर्षात संक्रांती बारा. यंदाची वृषभ संक्रांत १५ मे रोजी झाली. काल मध्यरात्र उलटल्यावर दीडच्या सुमाराला अमावास्या संपली. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत संपेल आणि मिथुन संक्रांत होईल त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमाराला. मध्ये अंतर फक्त साडेचार तासांचे! सूर्य तेवढा आधी मिथुनेत शिरला असता, तर आज साधा ज्येष्ठ लागला असता आणि अधिकाचा मान आषाढाला मिळाला असता. वारकऱ्यांना मात्र फरक पडला नसता. आषाढी निज, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या महिन्यात होते, ती तेव्हाही २५ जुलैलाच आली असती.

ही जाण फार जुनी आहे. ऋग्वेदातल्या एका वरुणसूक्तात बारा महिन्यांपलीकडे उपजणाऱ्या महिन्याचा उल्लेख येतो. वेदांगज्योतिषाने पाच वर्षांत दोन अधिक महिने धरले. त्यात दर पाच वर्षांना चार-पाच दिवसांची चूक राहत होती. पुढे गणित इतके बसले की १९ वर्षांत ७ अधिक महिने घातल्यावर सूर्य आणि चंद्र यांच्यात जेमतेम दोन तासांचा फरक उरतो. म्हणूनच १९ वर्षांपूर्वी, २००७ सालीही, अधिक ज्येष्ठ १७ मेलाच लागला होता.

हा सारा प्रवास मराठीत मांडला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी, आणि त्यांच्याविषयी थोडे जास्त लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. जन्म १८५३, दापोलीजवळच्या मुरुडचा, पेशा शिक्षकाचा. वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतच्या सिद्धांतांची, करणग्रंथांची आणि पंचांगांची त्यांनी छाननी केली. त्यातून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली आला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत लिहिलेले त्यांचे भारतीय कालगणनेवरचे इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीही पूर्ण व्हायच्या आत, दीक्षित गेले. शिलालेखांतल्या तिथी ताडून पाहणारे अभ्यासक आजही त्यांच्या कामावर उभे आहेत. तरी किती मराठी घरांत हे नाव माहीत आहे? आपण पंचांग रोज उघडतो, पण ते समजावून देणारा माणूस विसरलो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट. मार्गशीर्ष, पौष अधिक झाल्याचे कुणी का सांगत नाही? जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने फिरते. त्या दिवसांत सूर्य एक रास साधारण साडेएकोणतीस दिवसांत ओलांडतो, चांद्र महिनाही तेवढाच. मग संक्रांत हुकणार कशी? उलट उन्हाळ्यात एका राशीला साडेएकतीस दिवस लागतात. म्हणून अधिक महिने बहुधा चैत्र ते आश्विन या टप्प्यातच पडतात. थंडीत कधी एकाच महिन्यात दोन संक्रांती सापडतात आणि एक महिना चक्क गळतो. असा क्षयमास १९८२-८३ मध्ये आला होता.

सगळी पंचांगे मात्र एकमताची नाहीत. टिळक पंचांगात राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा असल्याने संक्रांती सुमारे चार दिवस आधी येतात. त्या पंचांगाची मकर संक्रांत १० जानेवारीला असते. त्या हिशेबाने मिथुन संक्रांतही ११ जूनच्या आसपास, म्हणजे या महिन्याच्या आतच पडते आणि ज्येष्ठ अधिक ठरतच नाही! आकाश एकच, पण मोजणी कुठून सुरू करायची हे माणूस ठरवतो. तेव्हा या महिन्याला अशुभ समजून भिण्याचे काहीच कारण नाही. पुराणकथाही तेच सांगते. ज्याला कुणी स्वामी नाही म्हणून सगळ्यांनी मलमास म्हणून हिणवले, त्याला विष्णूने आपले पुरुषोत्तम हे नाव दिले. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरीला महिनाभर भाविकांची रीघ लागते, ती याच श्रद्धेने.

राहिला धोंड्याचा प्रश्न. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारशांचे वाण, दीपदान, लेकीजावयाला लक्ष्मीनारायण मानून जेवू घालणे, हे सारे गोडच आहे. पण अनारशांच्या जागी चांदीचे ताट आले, मग सोन्याची अंगठी, मग ‘त्यांच्या जावयाला काय दिले’ ही चौकशी. मुलीच्या बापाने कर्ज काढून भरायची ही तूट कोणत्याही पंचांगात सांगितलेली नाही. हे थांबवणे जावयांच्या हाती आहे. सासुरवाडीचा फोन येण्याआधीच त्यांनी आपणहून सांगावे: धोंडे खायला जरूर येतो, वाणात अनारसे तेवढे द्या, बाकी काही नको.