एस्केपची कळ आणि परवलीचा शब्द

पारनेरच्या एखाद्या शाळेत विंडोज ९८ चा जुना संगणक अजून चालू असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने एक प्रयोग करा. परवलीचा शब्द मागणारी चौकट आली, की तो न देता एस्केपची कळ दाबा. संगणक बहुधा मुकाट्याने उघडेल! ती चौकट 'तुम्ही कोण?' एवढेच विचारते. दाराला कडी नाहीच.

२००१ च्या विंडोज एक्सपीत ही पळवाट राहिली नाही. तेथे मूळ शब्द न साठवता गणिती क्रियेने काढलेला त्याचा ठसा ठेवतात. आपण शब्द दिला, की नवा ठसा जुन्याशी ताडला जातो. ठशावरून शब्द सरळ उलटा काढता येत नाही. म्हणून ठसा पळवणारा चोर एकेक शब्द लावून पाहतो.

समजा, त्याचे यंत्र सेकंदाला १०० कोटी शब्द तपासते. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांतून ८ अक्षरी शब्द सुमारे २०,८८३ कोटी होतात. ते साडेतीन मिनिटांत संपतील. १२ अक्षरांना मात्र सुमारे ३ वर्षे लागतील! अट एकच: अक्षरे चिठ्ठ्या टाकून निवडा. गावाचे नाव चोर आधीच लावून पाहील.

तरीही एक खिडकी उघडी राहते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर शब्द कोणी विचारतच नाही. तेथे डिस्कवरचा मजकूरच कूटबद्ध हवा. जुन्या संगणकात ती सोय नसेल, तर मुलांची गुणपत्रके त्यात ठेवू नयेत, हेच शहाणपण.