निरभ्र आभाळाखालचा पूर

दौंड तालुक्यात भीमेच्या काठी जुलैतल्या एखाद्या सकाळी लख्ख ऊन पडलेलं असतं. वावरात धड ओल नसते. तरी मोबाइलवर निरोप येतो : नदीतला विसर्ग वाढणार, काठावरच्या पाण्याच्या मोटारी काढा, जनावरं हलवा. थेंबही पडलेला नाही, आणि पूर निघालाय!

शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. इथं वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला, लोणावळ्यात तो ४,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. तिकडचं पाणी इंद्रायणी तुळापूरला भीमेत आणून टाकते. खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी पुणे शहर ओलांडून, मुळा-मुठा होऊन, रांजणगाव सांडसजवळ भीमेला भेटतं. शिरूरला टेकून वाहणारी घोडही डिंभे धरणाकडचं पाणी घेऊन शेवटी भीमेलाच मिळते. म्हणजे इथला पूर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगणात पडलेल्या पावसाचा असतो.

पण पुराला चालत यावं लागतं. सपाटीवर त्याचा वेग साधारण झपझप चालणाऱ्या माणसाइतका. निरोप त्याच्या आधी पोहोचला, की काही तासांची उसंत मिळते. पूर्वसूचनेचं सगळं शास्त्र या शर्यतीत आहे.

शर्यत सुरू होते पुलाच्या कठड्याबाहेर काढलेल्या दांडीवरच्या एका डब्यात. हा रडार संवेदक पाण्याला स्पर्शही करत नाही. तो खाली रेडिओलहरी सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. पाणी दहा मीटर खाली असेल, तर एका सेकंदाचे दीड कोटी तुकडे करून त्यातल्या एकाच तुकड्यात लहर जाऊन परत येते. तेवढा काळ मोजून यंत्र पाण्याची पातळी सांगतं. ओंडके, गाळ, भोवरे यांच्याशी झटापट न करता.

घाटातलं पर्जन्यमापक त्याहून साधं. आत तराजूसारख्या झुलणाऱ्या दोन चिमुकल्या वाट्या. एक भरली की कलंडते, दुसरी वर येते. प्रत्येक कलंडणं म्हणजे ठरावीक पाऊस. ही युक्ती सतराव्या शतकातली. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारणाऱ्या ख्रिस्तोफर रेन यांची.

जलसंपदा विभागानं कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत अशा स्वयंचलित केंद्रांचं जाळं उभारलं, जागतिक बँकेच्या साहाय्यानं चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पातून. केंद्राचा निरोप उपग्रहामार्गे जात असेल, तर तो ३६,००० किलोमीटर वर जाऊन तितकाच खाली येतो, पाव सेकंदात. तेवढ्या वेळात पुराचं पाणी हातभरही सरकत नाही.

एक गोष्ट मात्र डब्याला ठाऊक नसते : या पातळीला नेमकं किती पाणी वाहतंय? त्यासाठी माणसांनी आधी पात्राचं माप घेतलेलं असतं, प्रवाहमापक पाण्यात सोडून वेग टिपलेला असतो आणि पातळीवरून विसर्ग काढण्याचा तक्ता बनवलेला असतो. मोठ्या पुरानं पात्र बदललं, की तक्ता पुन्हा तपासावा लागतो.

त्या तक्त्यातून क्युसेक येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दौंडजवळ भीमेचा विसर्ग लाखाच्या वर गेलेला आहे. उन्हाळ्यात वाडीवर येणारा १०,००० लिटरचा टँकर आठवा. एक लाख क्युसेक म्हणजे तसे २८० हून अधिक टँकर, दर सेकंदाला, पुलाखालून.

तेव्हा भर उन्हात, कोरड्या काठावर, दोघं-तिघं मिळून मोटार दोराने वर ओढताना दिसले, तर ते घाईत आहेत असं समजू नका. घाटातल्या कुठल्याशा वाट्या रात्रभर कलंडत होत्या, आणि ते ह्यांना पाण्याच्या आधी कळलं आहे.