भर समुद्रातली दिवाळी

दिवाळी म्हटली की पणत्या आल्या, फटाके आले. तेलवाहू जहाजावर मात्र यातले काहीच चालत नाही. डेकवर साधी काडी ओढायलाही बंदी. मग भर समुद्रात दिवाळी करता तरी कशी, असे मला नेहमी विचारतात. माझ्या नोकरीतल्या बऱ्याच दिवाळ्या अशा जहाजांवरच गेल्या.

उत्तर सोपे आहे. मेसमध्ये विजेच्या माळा लागतात, जुन्या नकाशांच्या कागदाचा कंदील होतो आणि भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, शंकरपाळे तळतो. खरी अडचण वेगळीच असते. सण आला म्हणून जहाज थांबत नाही. चार-चार तासांच्या पाळ्या चालूच राहतात, त्यामुळे सगळे एकाच वेळी पंगतीला कधीच बसत नाहीत. म्हणून आमच्याकडे एक अलिखित नियम होता: पाळीवरच्या माणसाचे ताट आधी वाढून झाकून ठेवायचे, मगच बाकीच्यांनी बसायचे.

कधी कधी तर सणाचा दिवसच हरवतो! जपानहून अमेरिकेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तीच तारीख पुन्हा येते. परत येताना एक दिवस गळतो. पाडवा असा गळाला, तर दुसऱ्या दिवशी गोड करायचे!

नववर्षाची प्रथा घंटेशी जोडलेली आहे. पूर्वी पाळीत दर अर्ध्या तासाला घंटेचा एक टोला वाढवत. चार तासांनी आठ टोले झाले की पाळी संपली. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री मात्र सोळा टोले पडतात. आठ सरत्या वर्षाचे, आठ नव्याचे. नव्या वर्षाचे टोले जहाजावरच्या सर्वांत लहान माणसाने द्यायचे, असा रिवाज.

विषुववृत्त पहिल्यांदा ओलांडणाऱ्याची तर गंमतच असते. एक जुना खलाशी समुद्रदेव नेपच्यून बनतो आणि नवख्यांचा दरबारात न्याय करतो. फेब्रुवारी १८३२ मध्ये 'बीगल' जहाजावर चार्ल्स डार्विनही यातून सुटला नाही. तोंडाला डांबर आणि रंग फासून, लोखंडी पट्टीने खरवडून त्याला पाण्यात बुचकळले होते. आज तसली जबरदस्ती चालत नाही. अंगावर पाणी आणि हातात प्रमाणपत्र, एवढ्यावर भागते. पण त्या दिवसापुरता अधिकारी आणि खलाशी हा भेद पुसला जातो, हे महत्त्वाचे.

आपल्या कोळी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच होडी लोटायची, ही त्यांची रीत. नौदलाच्या नव्या जहाजाचे जलावतरणही नारळ फोडून होते. २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. त्यांची दिवाळी ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर, हिंदी महासागरातच झाली.

हे सारे कशासाठी? जहाजावर जेमतेम वीस-पंचवीस माणसे. देश वेगळे, भाषा वेगळ्या. महिनोन्‌महिने तीच तोंडे. माणूस आतल्या आत मिटत जातो आणि त्याचे लक्ष उडाले की अपघात होतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सलग नोकरी बारा महिन्यांच्या आत संपली पाहिजे. पण २०२० मध्ये करोनामुळे बंदरे बंद झाली आणि सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवर अडकून पडले. कित्येकांचे सगळे सण त्या वर्षी पाण्यावरच गेले.

आपल्या गाडीतले तेल, स्वयंपाकघरातली डाळ यांतले बरेचसे जहाजानेच येते. येत्या दिवाळीत पणती लावाल, तेव्हा समुद्रावर कुणाचे तरी ताट झाकून ठेवलेले असेल. त्याची एकदा आठवण काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)