मोटारीतील नाद : वॅटचा हिशेब व ओहमचा मेळ

मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या आमच्या सभासद बंधूंच्या दुकानांतून ॲम्प्लिफायर, स्पीकर व सबवूफर ह्यांचे खोके हल्ली दर्शनी फळीवर मांडलेले दिसतात. खोक्यावर ‘३००० वॅट’ अशी ठळक अक्षरे असतात. गिऱ्हाईक तेवढीच वाचते, आणि पुष्कळदा विक्रेताही तेवढीच वाचून दाखवितो. पुढे स्पीकर जळून परत आला म्हणजे मालाला नावे ठेविली जातात. आमच्या मते दोष बहुधा मालात नसतो, जोडी जमविण्यात असतो.

इंजिन चालू असता मोटारीत सुमारे १४.४ व्होल्ट दाब मिळतो. मोटारीतील साध्या रेडिओवर प्रत्येक स्पीकरमागे ‘५० वॅट’ छापलेले असते. हा आकडा येतो कोठून? १४.४ चा वर्ग २०७. त्यास स्पीकरच्या ४ ओहम रोधाने भागिले की सुमारे ५२ येतात. परंतु हा हिशेब खरा ठरतो तो ध्वनीची लहर कापली जाऊन पूर्ण चौकोनी झाली तरच, आणि तोवर गाणे संपून केवळ खरखर उरलेली असते. शुद्ध स्वराच्या लहरीस त्याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅट मिळतात. यंत्रातील घट वजा जाता पदरी सुमारे २० राहतात. छापील किंमत व हाती येणारी रक्कम ह्यांतील अंतर व्यापाऱ्यास समजावून द्यावयास नको. म्हणून पाहावयाचा तो ‘आरएमएस’, म्हणजे अखंड शक्तीचा आकडा.

स्वतंत्र ॲम्प्लिफायर हा दाब आतल्या आत वाढवून घेतो, हे खरे. तरी शक्ती अखेर मोटारीकडूनच यावयाची. यंत्रावर ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर आत जाणारी शक्ती ६० गुणिले १४.४, म्हणजे ८६४ वॅट. ‘डी’ वर्गाचे यंत्र त्यातून शेकडा ८० उपयोगी पाडते असे धरले, तरी ६९० च्या पलीकडे अखंड शक्ती निघत नाही. मग खोक्यावरचे ३००० कोठले? अमेरिकेत २००३ साली ‘सीईए-२००६’ हे ऐच्छिक मानक निघाले (२००६ हा क्रमांक आहे, साल नव्हे). त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम व शेकडा १ विकृती ह्या मर्यादेत मोजलेली शक्तीच छापावयाची असते. असा माल ठेवणे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते.

खरी कसोटी मात्र ओहमची. ४-४ ओहमच्या दोन गुंडाळ्या असलेला सबवूफर एकसर जोडिला तर ८ ओहम, समांतर जोडिला तर २ ओहम होतो. २ ओहमपर्यंत चालणाऱ्या एकवाहिनी ॲम्प्लिफायरला हा एकटा समांतर जोडीने उत्तम जुळतो. गिऱ्हाइकाने असेच दोन मागितले की घोटाळा होतो : चारही गुंडाळ्या समांतर जोडिल्यास रोध १ ओहमवर येतो, यंत्र तापते, बंद पडते किंवा जळते, प्रत्येकाच्या गुंडाळ्या एकसर करून दोन्ही समांतर जोडिल्यास ४ ओहम होतात आणि यंत्राची पुरी शक्ती निघत नाही. अशा वेळी २-२ ओहमच्या गुंडाळ्यांचे सबवूफर द्यावेत. याच जोडणीने ते नेमके २ ओहमवर येतात. सबब दोन्ही प्रकार साठ्यात असावेत. दोन वाहिन्या एकत्र जोडून एक सबवूफर चालविताना प्रत्येक वाहिनीस निम्माच रोध दिसतो, म्हणून तेथे बहुधा ४ ओहमखाली उतरू नये.

लहान यंत्र घेतल्याने स्पीकर सुरक्षित राहतो, हा समज आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो खोटा आहे. ५० वॅटचे यंत्र ताणले की लहर कापली जाते, आणि वर पाहिल्याप्रमाणे शक्ती दुपटीकडे झेपावते. आधी बळी जातो तो नाजूक ट्वीटरचा. यंत्राची अखंड शक्ती स्पीकरच्या अखंड क्षमतेइतकी, किंवा किंचित अधिक असावी. ‘गेन’ची कळ आवाज वाढविण्यासाठी नसून रेडिओकडून येणाऱ्या दाबाशी मेळ घालण्यासाठी असते, हेही गिऱ्हाइकास सांगावे.

तारेवर काटकसर करू देऊ नये. ५०० वॅटच्या ‘डी’ वर्गाच्या यंत्रास सुमारे ४३ अँपिअर प्रवाह लागतो. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवावा. तो ॲम्प्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो, आणि ती तार पत्र्याला घासून उघडी पडली तर मोटार पेटण्यापासून वाचविणारा तो एकटाच.