अर्ध्या अक्षरांचा पैसा

तळहातावर एक शिवराई घ्या. तांब्याची जाडसर चकती, कडा वेड्यावाकड्या. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. पण सगळी अक्षरं दिसतात का? ‘श्री’चं डोकं उडालेलं, ‘शिव’मधला ‘व’ कडेबाहेर गेलेला!

असं का? कारण ठसा मोठा आणि चकती लहान. दोन ठशांमध्ये तांब्याचा तुकडा धरायचा आणि वरून घाव घालायचा. तुकडा जिथे बसेल तेवढीच अक्षरं त्याच्या वाट्याला. म्हणून एका शिवराईसारखी दुसरी सापडणं कठीण.

आता आणखी नवल. ही पाडायचं कोण? शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ती सुरू केली. १६८० मध्ये महाराज गेले, पण त्यांचं नाव तांब्यावर उमटतच राहिलं. आणि पेशवाईत ते उमटवणारे हात अनेकदा खासगी असत! सरकारात ठरलेली रक्कम भरायची, परवाना घ्यायचा, टांकसाळ काढायची. १७४४ मध्ये नागोठण्याच्या बाळाजी बापूजीला असा परवाना मिळाला.

पैसा पाडायचं काम मक्त्याने का द्यावं? सोलापूरच्या बाजारात मीठ-तेल घ्यायला आलेल्या विणकराला चांदीचा रुपया काय कामाचा? शेअर रिक्षात पाचशेची नोट काढून बघा, लगेच कळेल! बाजार चालतो मोडीवर. रुपया तोळाभर वजनाचा, पण त्याची तांब्यातली मोड अर्ध्या किलोच्या आसपास. एवढं ओझं लांबून कोण वाहणार? त्यापेक्षा जवळच भट्टी पेटलेली बरी.

१८१८ उजाडलं. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, मे महिन्यात सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला. राज्य गेलं, पण शिवराई? ती देशावरच्या बाजारांत फिरतच राहिली. साहेबाच्या अमलात छत्रपतींच्या नावाचा पैसा!

१८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी. यंत्रावर पाडलेले, पुऱ्या अक्षरांचे सरकारी पैसे हातोहाती खुळखुळू लागले. १८८९ मध्ये कायदाच झाला: पैसा म्हणून चालवायला धातूचे तुकडे खासगीत पाडणं गुन्हा. २०११ च्या नाणे कायद्यातही ही बंदी कायम आहे.

ती चकती पुन्हा बघा. ‘छत्र’ आहे, ‘पति’ अर्धाच. तरी बाजारात ती घेणाऱ्याने उरलेलं अक्षर मनातल्या मनात पुरं केलं आणि मीठ मोजून दिलं. या पैशातलं अर्धं तांबं टांकसाळीचं, अर्धा विश्वास त्याचा!