तू स्वतः पाहिलेस का?

'मुके जनावर' असे आपण सहज म्हणून जातो. पण जनावरे मुकी नसतात. गाय वासरासाठी हंबरते. एक कावळा मेला, तर शंभर कावळे ओरडून गोळा होतात. मग माणसाची भाषा वेगळी कशामुळे? आवाजामुळे नक्कीच नाही. मूकबधिरांची खुणांची भाषाही पूर्ण भाषाच असते.

मधमाशीचेच पाहा. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने तिच्या नाचाचा अर्थ उलगडला आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फुलोरा सापडलेली माशी पोळ्यावर पोट हलवत सरळ चालते. तिच्या चालण्याच्या कोनावरून सूर्याच्या संदर्भातली दिशा कळते, तर ती किती वेळ पोट हलवते यावरून अंतर. फ्रिश यांनी एकदा साखरपाणी रेडिओच्या मनोऱ्यावर ठेवले. ते पिऊन आलेल्या माशा नाचल्या. पण बाकीच्या माशा खालीच शोधत राहिल्या. त्यांच्या नाचात 'वर' नाही, आणि गरज पडली म्हणून तो नव्याने घडवताही येत नाही.

केनियातील अंबोसेलीच्या जंगलात व्हर्वेट माकडे आहेत. बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी त्यांच्या वेगवेगळ्या हाका आहेत. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या हाका ध्वनिमुद्रित करून माकडांना ऐकवल्या. बिबट्याची हाक ऐकून ती झाडावर चढली, गरुडाची ऐकून त्यांनी वर पाहिले, सापाची ऐकून गवतात. पण 'काल बिबट्या आला होता' किंवा 'आज येणार नाही' यासाठी त्यांच्यापाशी हाक नाही.

आपल्याकडे काय आहे? मूठभर वर्ण. क, प, ट या तिघांना स्वतःचा अर्थ नाही. पण त्यांतूनच 'कपट' होते आणि 'पटक'ही होते. शब्दांचेही तसेच. 'वाघाने शेळी पाहिली' आणि 'शेळीने वाघ पाहिला' यांत किती अंतर आहे, ते शेळीला विचारा! जोडण्याची ही कला थोडीफार प्राण्यांतही असते. काँगोतील बोनोबो वानरे एका हाकेने दुसरीचा अर्थ बदलतात, असे २०२५ मध्ये दिसून आले. पण न्यूयॉर्कमध्ये निम नावाच्या चिंपांझीला १९७०च्या दशकात शंभरावर खुणा शिकवल्या, तेव्हा त्याचे सर्वांत लांब 'वाक्य' सोळा खुणांचे झाले. त्यात 'दे, संत्रे, मला, खा' हेच फिरून फिरून होते.

माझ्या घरी दखनी बोलत. मराठी मला गल्लीने आणि शाळेने दिली. भाषा रक्तातून येत नाही, कानातून येते. मी कविता लिहितो, म्हणजे माझा बराचसा व्यवहार समोर नसलेल्याशीच असतो. गेलेली माणसे, न आलेला पाऊस, 'असे झाले असते तर'. शपथ, वचन, कायदा, उधारी ही सगळी या 'नसलेल्या'च्या भाषेची लेकरे.

अफवाही तिचीच. फसवी हाक काही पक्षीही देतात. पण कोणी न पाहिलेला लांडगा गावोगाव फिरवणे माणसालाच जमते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, भिक्षा मागायला आलेल्या भटक्या समाजातील पाच जणांना 'मुले पळवणारी टोळी' समजून जमावाने ठार मारले. टोळी नव्हतीच, होते ते फक्त शब्द.

याच भाषेत त्यावरचा उपायही आहे. बातमी आणणाऱ्याला आपण विचारू शकतो, 'तू स्वतः पाहिलेस का?' माकडाला हाक ऐकून पळता येते, हा प्रश्न विचारता येत नाही. आपल्याला येतो. तेवढा तरी विचारत जावा.